चेंडू सुटतो, पोरगं सुटू नये: हालचालीचा ताळमेळ आणि ग्रुप थेरपी

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला साधारण सोळा मिनिटं लागतात. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] आजचा विषय

एसटीत असाल, शेतात असाल, नाहीतर पुण्याच्या हॉस्टेलवर रात्रीचं जेवण उरकून पडला असाल, इयरफोन नीट लावा. आजचा विषय जरा हटके आहे, पण तो तुमच्या घरात किंवा शेजारच्या घरात नक्की सापडेल.

प्रत्येक वर्गात एक-दोन पोरं अशी असतात. बोलायला चटपटीत, गोष्ट सांगायला लागली की ऐकत राहावं. पण चेंडू हातात येऊन सुटतो. बटणं वर-खाली लागतात. भाकरी एका हाताने मोडायला गेलं की ताटातलं भरीत मांडीवर. वहीतलं अक्षर बघून गुरुजी विचारतात, “कोंबडी नाचून गेली का रे?” आणि टीम पाडताना दोन्ही कॅप्टन म्हणतात, “याला तूच घे भो.”

आपण त्याला नाव देऊन टाकतो. धांदरट, वेंधळा, आळशी, ढ. आज आपण बोलणार आहोत की यातल्या काही पोरांचा प्रश्न खराखुरा असतो, त्याला वैद्यकीय नाव आहे, आणि त्यावर काम करायची एक पद्धत आहे जिच्यात पाच-सहा मुलं एकत्र शिकतात. ग्रुप थेरपी.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे या एपिसोडवरून कुणाचं निदान करायचं नाही. पण कुठे जायचं आणि काय विचारायचं, एवढं नक्की कळेल.

[०१:५०] याला म्हणतात काय?

नाव आहे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी. बरेच जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. पूर्वी डॉक्टरही सरळ ‘क्लम्झी चाइल्ड’, म्हणजे धांदरट मूल, असंच लिहायचे. १९९४ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या लंडन गावात (हो, तिथेही एक लंडन आहे) जगभरातले अभ्यासक जमले आणि डीसीडी हेच एक नाव सगळ्यांनी वापरायचं ठरलं.

यात स्नायू कमजोर नसतात. नजर ठीक असते. बुद्धीचाही प्रश्न नसतो. अडतं ते शरीराच्या हालचालींचं नियोजन आणि त्यांचा ताळमेळ. वयाच्या मानाने जी कामं यायला हवीत, ती शिकवूनही, संधी देऊनही येत नाहीत किंवा फार उशिरा येतात. आणि त्याचा त्रास रोजच्या जगण्यात होतो: कपडे घालणं, जेवणं, लिहिणं, खेळणं. हा त्रास लहानपणापासून असतो. पाच वर्षांच्या आधी सहसा निदान करत नाहीत, कारण त्या वयात प्रत्येक मुलाची गती वेगळी असते.

डॉक्टर लोक वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकन मॅन्युअलमध्ये आकडा दिलाय: ५ ते ११ वयातल्या मुलांपैकी ५ ते ६ टक्के. चाळीस पोरांच्या वर्गाला हा हिशोब लावला तर दोन मुलं. मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं. आणि यातल्या जवळपास निम्म्या मुलांना लक्ष टिकवण्याचाही त्रास, म्हणजे एडीएचडी, सोबत असतो. म्हणून बऱ्याचदा घरच्यांना वाटतं, “हा लक्षच देत नाही.”

‘हॅरी पॉटर’वाला डॅनियल रॅडक्लिफ माहितीये ना? त्याने २००८ मध्ये सांगितलं होतं की त्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे आणि बुटाची लेस बांधायला अजून त्रास होतो. म्हणजे मोठेपणी हे आपोआप गायब होतंच असं नाही. पण त्यामुळे आयुष्य अडून राहतं, असंही नाही.

[०४:१०] चेंडू सुटतो कसा? पिंगचं उदाहरण

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. तुम्ही मोबाइलवर ऑनलाइन गेम खेळता. पिंग जास्त असला की काय होतं? तुम्ही गोळी झाडता, पण समोरचा तिथे नसतोच, तो कधीच पुढे गेलेला असतो. चांगले गेम यावर युक्ती करतात. सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमचा फोनच अंदाज बांधतो की पुढच्या क्षणी कोण कुठे असेल, आणि ते आधीच दाखवतो.

आपला मेंदू हेच करतो. चेंडू दिसला, मेंदूपर्यंत खबर गेली, हाताला ऑर्डर आली, यात पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात चेंडू पुढे सरकलेला असतो. म्हणून मेंदू आधीच गणित करतो: चेंडू इथे येईल, हात तिथे ठेवू, बोटं अमुक वेळी मिटू. सरावाने हा अंदाज इतका पक्का होतो की आपल्याला कळतही नाही.

डीसीडी असलेल्या मुलांमध्ये हा अंदाज बांधणारा भागच कच्चा राहतो, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. म्हणजे हे पोरगं प्रत्येक काम जास्त पिंगवर करतंय. हात हलवायचा, बघायचं, चुकलं की दुरुस्त करायचं. तुम्हाला फुकटात होणारी गोष्ट त्याला लक्ष देऊन करावी लागते. म्हणून ते लवकर थकतं. लिहिताना तर जास्तच. आपल्या देवनागरीत अक्षर काढा, काना द्या, वेलांटी फिरवा, मात्रा द्या, वर शिरोरेघ ओढा. किती वेळा पेन उचलायचं! या पोराचं सगळं डोकं त्यातच जातं, मग निबंधात काय लिहायचं होतं ते राहून जातं. आणि शेरा काय मिळतो? ‘अभ्यासात लक्ष नाही.’

[०६:००] खरं नुकसान मैदानावर होतं

चेंडू सुटण्याने कुणाचं आयुष्य बिघडत नाही. पुढे काय होतं ते बघा.

चेंडू सुटला, पोरं हसली. पुढच्या वेळी टीममध्ये घेतलं नाही, किंवा लांब बाउंड्रीला उभं केलं, जिथे चेंडू येतच नाही. खेळायला मिळालं नाही म्हणजे सराव नाही. बाकीची पोरं रोज खेळून पुढे गेली, हे मागे राहिलं. फरक वाढला. आता ते स्वतःच म्हणतं, “मला क्रिकेट आवडत नाही.” संध्याकाळी घरात, हातात मोबाइल. हालचाल कमी, वजन वाढतं, दम लागतो. मित्र कमी, मग उदासी, चिडचिड, शाळेत जायच्या वेळी पोटात दुखणं. डीसीडी असलेल्या मुलांमध्ये कमी शारीरिक हालचाल, चिंता आणि एकटेपणा जास्त दिसतो, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा पुढे आलंय.

म्हणजे सुरुवात मेंदूच्या अंदाजापासून झाली, पण पोरगं तुटलं ते चार पोरांच्या घोळक्यात. आता तुम्हीच विचार करा, दुरुस्ती बंद खोलीत, एकट्या थेरपिस्टसमोर करून ते पुन्हा त्या घोळक्यात कसं जाणार? ग्रुप थेरपीचं मूळ इथे आहे. खर्च वाचतो हा फायदा आहेच, पण तो नंतरचा.

[०७:३०] ‘व्यायाम’ आणि ‘काम’ यातला फरक

थेरपी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठा बॉल, झोके, तोल सांभाळायच्या फळ्या. आधी बराच काळ अशी कल्पना होती की तोल, स्पर्श, स्नायू असे मूळचे भाग सुधारले की लिहिणं-खेळणं आपोआप सुधारेल. आता डीसीडीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळं सांगतात: जे काम जमायला हवंय, त्याच कामाचा सराव द्या. सायकल यायला हवी तर सायकल. लेस बांधायची तर लेस.

यातली एक प्रसिद्ध पद्धत कॅनडातल्या हेलीन पोलाटायको आणि अँजेला मँडिच या दोघींनी उभी केली. तिचं नाव को-ऑप. तिचे चार शब्द लक्षात ठेवा: ध्येय, प्लॅन, कृती, तपासणी. मुलाला विचारायचं:

काय जमवायचंय?
कसं करशील?
करून बघ.
प्लॅन चालला का? नाही, तर काय बदलशील?

यात दोन गोष्टी भारी आहेत. एक, ध्येय मूल स्वतः निवडतं. आईला सुंदर अक्षर हवं असतं, पोराला सायकल. सायकलपासून सुरू करायचं, कारण मेहनत त्यालाच करायचीय. दुसरं, थेरपिस्ट उत्तर देत नाही, प्रश्न विचारते. “कोपर वर घे” असं सांगण्याऐवजी विचारते, “चेंडू येतो तेव्हा तू कुठे बघत असतोस?” पोरगं विचार करतं आणि म्हणतं, “मी टाकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.” झालं! बग सापडला. आणि तो त्याने स्वतः शोधला, म्हणून लक्षात राहतो. डिबगिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

[०९:१५] ग्रुपमध्ये तासभर काय चालतं?

समजा, सात ते नऊ वयाची पाच मुलं आहेत. एक थेरपिस्ट, एक मदतनीस. आणि खेळ घेऊ आपला लगोरी.

वरवर साधा खेळ, पण आत बघा. चेंडूने नेम धरायचा, हे एक. चपट्या दगडांचा मनोरा लावायचा, म्हणजे बोटांचं बारीक काम, हे दुसरं. आणि चेंडू अंगावर येतोय हे बघत पळायचं, हे तिसरं. तिन्ही एकदम म्हणजे या मुलांसाठी डोंगर. म्हणून थेरपिस्ट खेळाचे तुकडे करते. आज फक्त नेम, तोही दोन पावलांवरून, मोठ्या मऊ चेंडूने. दगडांऐवजी रुंद लाकडी ठोकळे. जमलं की अंतर वाढवायचं, चेंडू लहान करायचा. पळणं दोन-तीन आठवड्यांनी. थोडक्यात, गेमची लेव्हल अशी लावायची की दहापैकी बऱ्याच वेळा जमेल, पण प्रत्येक वेळी नाही.

आता ग्रुपमुळे काय वेगळं होतं?

पहिलं, मुलाला कळतं की असा मी एकटाच नाही. हे वाक्य आईने शंभरदा सांगितलं तरी पटत नाही. समोर दुसऱ्याचा चेंडू सुटताना दिसला आणि कुणी हसलं नाही, की पटतं.

दुसरं, प्लॅन उसने मिळतात. एक मुलगी म्हणते, “मी मनात एक-दोन-तीन मोजून टाकते.” दुसरा तेच करून बघतो. मोठ्यांनी दिलेला सल्ला वेगळा आणि आपल्यासारख्याच पोराने दिलेली युक्ती वेगळी.

तिसरं, परिस्थिती खरी असते. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, गोंगाट, कुणीतरी मध्येच पळतंय, हरणं, पुन्हा खेळणं. खोलीत एकट्याने शिकलेला झेल मैदानात सुटतो, कारण मैदानात हे सगळं असतं.

चौथं, आई-बाबाही बाहेर बाकावर एकत्र बसतात. “आमच्याकडे पण असंच” हे वाक्य त्यांनाही ऐकायचं असतं. शेवटची दहा मिनिटं त्यांना आत बोलावून घरी काय करायचं ते दाखवतात. रोज दहा मिनिटं, एकच काम. कारण आठवड्यातून एक तासाने काही होत नाही, घरच्या सरावाने होतं.

[११:२०] ग्रुप कुणासाठी नाही?

आता दुसरी बाजू. हे सगळ्यांना लागू पडत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१२ च्या सूचनांमध्ये साधारण असं म्हटलं होतं: अडचण सौम्य असेल किंवा फक्त लिहिण्यापुरती असेल तर ग्रुपचा विचार करा, अडचण मोठी असेल तर आधी एकट्याला वेळ द्या. आत्मविश्वास पार गेलेला असेल, किंवा वागणुकीचा मोठा प्रश्न सोबत असेल, तरी तेच. जे पोरगं चार जणांसमोर हात उचलायलाही घाबरतं, त्याला थेट ग्रुपमध्ये बसवणं म्हणजे पुन्हा तेच मैदान.

आणि पुराव्याचं सांगायचं तर कॉक्रेन नावाची संस्था जगभरातले अभ्यास गोळा करून तपासते. त्यांनी २०१७ मध्ये कामावर आधारित थेरपीचे अभ्यास पाहिले आणि निष्कर्ष काढला की पुरावा अजून कच्चा आहे, अभ्यास छोटे आहेत. म्हणजे दिशा बरोबर वाटते, पण “तीन महिन्यांत गॅरंटी” असं कुणी बोर्डवर लिहिलं असेल तर तिथून निघा.

आणखी एक, हे कान देऊन ऐका. डीसीडी वाढत जात नाही. मूल आधी जे करत होतं ते आता येईनासं झालंय, पडण्याचं प्रमाण वाढतंय, शरीराची एकच बाजू कमी चालतेय, किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठतंय, तर हा वेगळा आजार असू शकतो. तेव्हा ग्रुप वगैरे शोधत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञाकडे.

[१२:३०] महाराष्ट्रात काय आहे?

रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या या शास्त्राला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आणि भारतात त्याची मुळं आपल्याकडेच आहेत. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झाल्या. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. नंतर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही ते सुरू झालं. मुंबईत मुलांच्या विकासावर काम करणारी ‘उम्मीद’ ही संस्था डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केली.

पण मुंबई मुंबईच्या जागी. जामनेरच्या पोराचं काय?

एक सरकारी रस्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची देशपातळीवरची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. यात डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणी करतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. यादीत ३० प्रकारचे त्रास आहेत, त्यात हालचालींच्या विकासातला उशीर आणि शिकण्यातल्या अडचणी या दोन्ही गोष्टी येतात. काही सापडलं तर पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायची सोय आहे. डीसीडी हे नाव त्या यादीत वेगळं लिहिलेलं नाही, आणि एका दिवसात शेकडो पोरं तपासणाऱ्या पथकाला ‘बटणं लावता येत नाहीत’ हे दिसणार नाही. ते आपण सांगावं लागतं. पथक शाळेत येणार असेल तेव्हा चिठ्ठीवर चार ओळी लिहून पोराबरोबर पाठवा: काय जमत नाही, कधीपासून, त्यामुळे काय अडतं.

कायदाही बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या आहे, तिच्यात डिस्लेक्सियाबरोबर डिस्प्रॅक्सिया हा शब्दही लिहिलेला आहे. मात्र प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या मुख्यतः वाचन, लेखन, गणित याभोवती फिरतात. म्हणून नुसत्या हालचालीच्या त्रासावर प्रमाणपत्र मिळेलच असं नाही. पण शाळेशी बोलताना “हा आळस नाही, कायद्यातही हा शब्द आहे” एवढं नक्की म्हणता येतं.

आता ग्रुपचा हिशोब आपल्या गावाच्या डोळ्यांनी मांडू. जामनेरहून जळगावला एसटीने तास-सव्वा तास. दर आठवड्याला एका पोरासाठी आईने किंवा बाबांनी दिवसाची मजुरी बुडवून जायचं, हे दोन महिन्यांत बंद पडतं. पण अशी पाच घरं असतील तर थेरपिस्टला पंधरा दिवसांतून एकदा इकडे बोलावता येतं. पाच पोरांना तासभर पुरतो, जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची, चेंडू-ठोकळे आपलेच. मधल्या दिवसांचा सराव घरी. शहरात ग्रुप हा एक पर्याय असेल. आपल्याकडे बऱ्याचदा ग्रुप आहे म्हणून थेरपी आहे.

[१४:५०] तुम्ही काय करू शकता?

हे ऐकणारे बहुतेक जण अजून आई-बाप झालेले नाहीत, मला माहितीये. पण तुम्ही कुणाचे तरी दादा, ताई, मामा, मावशी, काका आहात. मैदानावर टीम तुम्हीच पाडता. म्हणून चार गोष्टी.

एक, नावं ठेवणं बंद. ‘तारे ज़मीन पर’ २००७ मध्ये आला, आपण सगळे रडलो. त्यात ईशानला वाचता येत नव्हतं एवढंच लक्षात राहिलं. त्याला चेंडू नीट फेकता येत नव्हता, हेही त्यात होतं.

दोन, टीम पाडायची पद्धत बदला. निवडून घेण्याऐवजी चिठ्ठ्या टाका. शेवटी उरायची पाळी कुणावरच येत नाही. आणि त्याला बाउंड्रीवर पाठवू नका, जवळ ठेवा, टेनिस बॉलऐवजी मोठा मऊ चेंडू आणा.

तीन, शिकवताना एकच गोष्ट घ्या आणि तुकडे करा. नाडी बांधायची तर आज फक्त पहिली गाठ. आणि ते चार प्रश्न विचारा. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी थांबा, त्याला शोधू द्या.

चार, घरच्यांशी बोला, पण घाबरवून नाही. डीसीडीक्यू नावाची पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. पालक त्यात आपल्या मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी करतात. चेंडू झेलणं, लिहिण्याचा वेग, कात्रीने कापणं, नवीन खेळ शिकणं, असे साधे प्रश्न असतात. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायला हवं का, एवढं कळतं. बालरोगतज्ज्ञाकडे गेलात की तिच्याबद्दल विचारा. थेरपिस्टकडे गेलात तर विचारा: ध्येय कोण ठरवणार? घरी काय करायचं? ग्रुपमध्ये किती मुलं आणि कशी? दोन महिन्यांनी फरक कसा मोजणार? या चारची उत्तरं सरळ मिळाली तर जागा बरी आहे समजा.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वाटत असेल, “अरे, हा तर मीच,” तर तुम्हालाही सांगतो. बाइक उशिरा आली, लॅबमध्ये काचेची नळी फुटली, नाचताना पाय चुकतात, म्हणून तुम्ही कमी नाही. कामाचे तुकडे करणं आणि स्वतःला ते चार प्रश्न विचारणं विशीतही चालतं.

एवढंच आज. तुमच्या शाळेत, गावात अशा मुलांसाठी कुणी काही करत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण मुलाचं नाव किंवा फोटो नको. आणि हा एपिसोड एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना नक्की फॉरवर्ड करा. चाळीस पोरं रोज त्यांच्याच समोर बसतात.

भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम मंडळी!